कडक स्प्रिंगा

खोडदहून जुन्नरला मी रोज माझ्या गाडीनं जायचो. शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकाला ती गाडी शोभत नाही, असं लोक तोंडावर म्हणायचे. लाल, छोटी, टर्बो इंजिनाची, आधी दोघांनी वापरलेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं, घरात आई आणि मी. शाळेत दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, रजिस्टरं भरायची. सकाळ-संध्याकाळचा गाडीतला पाऊण तास तेवढा माझा होता.

गाडीचे शॉकअप थकले होते. नारायणगाव सोडून जुन्नरकडे जाताना वळणावर जरा जोरात घातली, की ती एका अंगावर कलायची. ब्रेक दाबला की नाक खाली टाकायची. बदलायचे तर होतेच, मग चांगलेच का बदलू नयेत, असं माझ्या मनानं घेतलं. दोन महिने मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि जेवताना सगळं आईला सांगितलं. मूळचेच शॉकअप नवे टाकले तर गाडी पुन्हा कलणार. नुसत्या स्प्रिंगा आखूड टाकल्या तर शॉकअप लवकर मरणार. दोन्ही कडक घेतले, की गाडी दोन बोटं खाली बसते आणि वळणावर जागची हलत नाही. आई भाकरी मोडत ऐकायची.

"मंग त्येच घे की," ती म्हणायची. "तुला आवडतंय ना?"

नारायणगावच्या मिस्त्रींनी गाडीचं एकेक चाक हलवून बघितलं. मी माझा बेत सांगितला. ते हात पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, गाडीत कोण कोण बसतं?"

"मी एकटाच."

"एकट्यासाठी आसंल तर टाका. पण रोजची गाडी हाय तुमची. आपले रस्ते तुमाला ठावं हायेत. माझं ऐकाल तर मूळचेच टाका, अन् वळणावर जरा दमानं घ्या."

मी हसलो. मी एकटाच, असं म्हणताना मला आई आठवली नव्हती असं नाही. तिच्या पाठीच्या कण्यातला एक मणका ठिसूळ होऊन दबला होता आणि दर पंधरा दिवसांनी मी तिला जुन्नरला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचो. पण पंधरा दिवसांतून एकदा म्हणजे काय, असं मी मनाशी म्हटलं. मिस्त्रींना ते सांगितलं असतं तर त्यांनी कडक स्प्रिंगा बसवून दिल्या नसत्या, हेही मला कळत होतं.

बसवल्या त्या संध्याकाळी मी विनाकारण जुन्नरपर्यंत जाऊन आलो. गाडी खरंच कलली नाही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन निघालो. खोडद ते नारायणगाव रस्ता ठिकठिकाणी उखडलेला, त्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी आणखी खड्डे पाडलेले. प्रत्येक खड्डा सीटमधून वर यायचा. आईनं दारावरचं हँडल धरलं होतं. मी विचारलं, "कशी वाटली?"

"झ्याक हाय," ती म्हणाली. तिच्या ओठांवर घाम आला होता. मला वाटलं, उकडत असेल. मी एसी वाढवला.

त्यानंतर दोनदा ती माझ्याबरोबर आली. मग म्हणाली, "मी आता यष्टीनं जात जाईन. तुझी शाळा सकाळी भरती. डाक्टर येतो अकराला. तवर तिथं बसून काय करू?"

हे तिनं आधी कधी म्हटलं नव्हतं. शेजारची बाई स्वतःच्या औषधांसाठी जुन्नरला जायची, तिच्याबरोबर जाईन म्हणाली. मी फारसा आग्रह केला नाही. खरं तर बरं वाटलं. आई शेजारी असली की मला गाडी हळू चालवावी लागायची.

चार-पाच महिने असे गेले. एक दिवस शाळा लवकर सुटली. मी जुन्नरच्या स्टँडवरून जात होतो, तर बाकावर आई आणि शेजारीण बसलेल्या दिसल्या. आईनं पाठीमागं पिशवी टेकवली होती आणि डोळे मिटले होते. मी गाडी लावली, म्हटलं, "चल, घरीच निघालोय." आई लगबगीनं म्हणाली, "न्हाई न्हाई, यष्टी येईलच आता. तू जा."

ती पाणी प्यायला नळावर गेली, तेव्हा शेजारीण हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. तुमच्या गाडीत बसल्या की त्यास्नी रातभर झोप नाय लागायची. पदर तोंडात धरून कण्हायच्या. तुमाला सांगू नको म्हनल्या व्हत्या."

आई परत आली आणि त्या दोघी बसनंच गेल्या.

घरी मी तिला विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुला दुसरं हाय तरी काय रं?"

तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. ती तांदूळ निवडत होती.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो. मूळच्या स्प्रिंगा त्यांनी केव्हाच भंगारात दिल्या होत्या, मीच द्या म्हणालो होतो. नव्या मागवल्या. यायला तीन आठवडे लागणार होते. त्या तीन आठवड्यांतच आई नारायणगावला एसटीतून उतरताना पडली. बस थांबलेली होती, कुणी घाई केली नव्हती, शेजारणीनं हातही धरला होता. शेवटच्या पायरीवरून पाय निसटला. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं इतकी ठिसूळ आहेत की घरातसुद्धा मोडलं असतं. ते चांगल्या मनानं म्हणाले. माझ्या मनाला ते लागू पडलं नाही.

ऑपरेशन झालं. तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी मूळच्या मापाच्या स्प्रिंगा आणि साधे शॉकअप बसवून झाले. पुढची सीट मागं पाडून तिला आडवी निजवली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, आणि ताशी वीसनं निघालो. मागून हॉर्न वाजत होते. एक खड्डा गेला तेव्हा तिनं डोळे उघडले. मग म्हणाली,

"मऊ झाली की रं."

"हो. बदलल्या स्प्रिंगा."

"मंग आता वळणाव कलती का?"

दोन महिने मी जेवताना जे बडबडत होतो, ते तिनं सगळं लक्षात ठेवलं होतं.

"थोडीशी," मी म्हणालो.

"मंग तुला मजा न्हाई येत," ती म्हणाली, आणि तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

ती पुन्हा उठून चालली नाही. चार महिने खाटेवरच होती. सकाळी तिला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चहा पाजायचा आणि शाळेत जायचं. दिवसा शेजारीण येऊन बसायची. मला आईची माफी मागायची होती. पण मी तोंड उघडलं, की ती पाणी मागायची नाही तर कूस बदलायला सांगायची. तिला ते ऐकायचंच नव्हतं असं मला वाटतं. किंवा मीच तसं समजून घेतलं.

कांदा काढणीला आला तेव्हा ती गेली. सगळं गाव शेतात होतं. मी जुन्नरला नववीच्या मुलांसाठी लिटमस कागद कापत होतो, तेव्हा शेजारणीचा फोन आला. म्हणाली, "भाऊ, सावकाश या. आता घाई करू नका."

मी सावकाशच गेलो. अंगणात बायका जमल्या होत्या. गाडी आत येऊ द्यायला त्या बाजूला सरकल्या.