वरची ओळ आणि चिंचेचा पाला

मी बायकोच्या ट्रेनिंगला गेलो होतो, हे वाक्य आमच्या बालाघाटात कुणाला एका दमात कळत नाही. माझ्या शिलाईच्या दुकानासमोर पानठेला आहे. तिथल्या मंडळींनी मला चारदा विचारलं, "म्हंजे ट्रेनिंग तुमचं का बाईचं?" बाईचं, म्हटलं. "मंग तुमी काहून चालले?" मी कात्री उचलून कापड कापायला लागलो.

बायको किरनापूरकडच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. चैत्रात तिला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. जागा निवडायची मुभा होती, जबलपूर नाहीतर ग्वाल्हेर. जबलपूर म्हणजे आमचं अंगणच, सकाळी निघालं की दुपारी हजर. तिनं ग्वाल्हेर लिहून दिलं.

"ग्वाल्हेर काहून वं?" मी विचारलं.

"फिरणं होईल. तुमीबी चाला. दुकानाले कुलूप लावा."

सव्वीस वर्षांच्या संसारात ही बाई फिरायला म्हणून कुठं गेलेली नाही. सुट्टीतही ती वह्या तपासते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथं काही लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही गोंदियाला गेलो, गोंदियाहून नागपूरला, आणि नागपुरातून दिल्लीकडची गाडी धरली. आपल्याच राज्यातल्या शहराला जायला दुसऱ्या राज्यातून वळसा! गाडीत बसल्यावरसुद्धा आपण घरून लांब चाललोय की घराकडे, हे मला कळत नव्हतं.

खरी गोष्ट गळ्याची होती, पण तो शब्द आम्ही दोघंही काढत नव्हतो. कटंगीजवळ माझं मूळ गाव आहे. तिथल्या भजन मंडळात मी तरुणपणापासून पुढं गातो. दर शनिवारी बस धरून जातो. आमच्या गावात एक रीत आहे. कुणी वारलं की मंडळ त्याच्या अंगणात जमतं. भजनातली एक ओळ फार वर जाते. ती पुढच्या माणसानं एकट्यानं म्हणायची, आणि ती म्हटली की मगच तिरडीला खांदा द्यायचा. तोवर माणूस अंगणातच. का, ते कुणी सांगत नाही. बापजाद्यांपासून तसंच चालत आलंय.

मागल्या वर्षी माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाज खालीच राहिला. बोलता येतं, गिऱ्हाइकाशी भांडताही येतं, वरची ओळ मात्र येत नाही. डॉक्टर म्हणाले, "जितना आना था, उतना आ गया." त्यानंतर गावात दोघं गेले, तेव्हा शेजारच्या गावचा गाणारा बोलावला. आणि ज्यांनी मला गाणं शिकवलं ते आमच्या मंडळाचे म्हातारे बुवा तेव्हापासून खाटेवर होते. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "माह्या वक्ताले तूच म्हणजो, बाबू. दुसऱ्या गावचा गवई आणाचा नाई." मी हौ म्हणून बसलो. त्या एका हौनं माझी झोप नेली होती.

ग्वाल्हेरात पहिल्या दिवशी बायको नऊ वाजता पिशवी घेऊन निघाली आणि जाताना माझ्या हातात एक कागद दिला. फळ्यावर लिहितात तशा अक्षरात तिनं लिहिलं होतं: किल्ला, महाल, सरोदचं संग्रहालय. सगळ्यांत खाली, "वेळ उरला तर गवयाची समाधी." त्याखाली एक बारीक रेघ होती. मला वाटलं, पेन घसरला असेल.

या शहराबद्दल मी ऐकलं होतं की इथलं पोर रडतं तेही सुरात. मी खास कान देऊन ऐकलं. आमच्या लॉजच्या खालच्या मजल्यावर एक पोर सकाळभर रडत होतं, आणि ते बालाघाटच्या पोरांसारखंच रडत होतं. ऑटोवाल्याला विचारलं, "भैया, यहाँ संगीत कहाँ सुनने को मिलेगा?" त्यानं आपल्या टेपचा आवाज वाढवला. किल्ल्यावर निळ्या फरशांच्या रांगेत पिवळी बदकं काढलेली होती. राजाच्या महालावर बदकं कशाला, ते गाईडला विचारलं, तर तो एकदम लढाईवर गेला. त्याच्या कोटाची बाही दोन बोटं लांब होती आणि माझं सगळं लक्ष तिथंच अडकलं.

महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे, ती पाहायला रांग लागली होती. रांगेत पुढं एक मराठी कुटुंब होतं. त्यातल्या आजोबांनी आपुलकीनं विचारलं, "आपण मराठी का?" हौ म्हटलं. "आम्ही इथलेच, सात-आठ पिढ्या झाल्या." त्यांचं मराठी छापील पुस्तकासारखं. मी म्हटलं, "आमी बालाघाटचे जी. बायकोचं ट्रेनिंग हाय, मी तिच्यासंगं येऊन राह्यलो." ते गोड हसले आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी मला म्हणाली, "आप हिंदी में बोलिए न, कोई बात नहीं." घरी हिंदीवाले मला मराठी म्हणतात. इथं मराठीवाल्यांनी मला हिंदीत ढकललं. चांदीची गाडी गोल फिरत होती, पण मी कुठल्या गावचा आहे याचाच विचार करत पुढं सरकलो.

सरोदच्या संग्रहालयात सगळ्यांनी मान हलवली तिथं मीही हलवली. आम्ही भजनातली माणसं, पेटीची काळी दोन एवढंच आमचं शास्त्र.

दुसऱ्या दिवशी कागदावर फक्त समाधी उरली. ऑटोवाल्यानं एका मोठ्या बागेच्या फाटकाशी सोडलं. आत दगडी जाळ्यांची भलीमोठी इमारत. एवढ्या मोठ्या गवयाची एवढी मोठी समाधी, बरोबरच आहे, म्हणून मी चपला काढून तिच्यासमोर बसलो. अर्धा तास हात जोडून मागितलं. काय मागितलं ते सांगायची गरज नाही. डोळे उघडले तर बाजूला झाडू मारणारी एक बाई थांबून पाहत होती.

"आप किसके लिए आए हैं?"

"गानेवाले के लिए."

तिनं झाडूनं उजवीकडे दाखवलं. तिथं मोकळ्यावर एक लहानसा चौथरा होता, चार खांबांवर छत, बस. मोठी इमारत एका फकिराची होती. आता अर्धा तास मागितलेलं परत घेऊन इकडं कसं मागायचं, मला कळेना. शेवटी दोघांनाही नमस्कार केला आणि तुमचं तुम्ही आपसात पाहून घ्या म्हटलं.

समाधीजवळ चिंचेचं झाड आहे. त्याचं पान खाल्लं की गळा मोकळा होतो, असं गाणारे मानतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, बुवांनीच सांगितलं होतं. झाड मात्र मी मनात धरलं होतं तेवढं नव्हतं, बेताचंच होतं. एक पोरगा आणि एक पोरगी आली, दोघांनी एकेक पान तोडलं, डोळे मिटून खाल्लं आणि हसत निघून गेली. मीही एक पान खाल्लं. आंबट होतं. ओरडून पाहायची हिंमत झाली नाही.

मग काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. चैत्राचा कोवळा, लालसर पाला होता. माझी आई तो वरणात शिजवायची, आणि पाला ओरबाडायचं काम आम्हा भावंडांचं. फांदी बुडाशी धरायची आणि सर्रकन शेंड्यापर्यंत मूठ ओढायची. डोकं काही म्हणायच्या आत हातानं तेच केलं. एक फांदी, दुसरी फांदी. खांद्यावरचा दुपट्टा पसरला आणि त्यात पाला पडायला लागला.

"अरे भाईसाहब! सब्ज़ी बनाओगे क्या?" झाडूवाली बाई धावत आली.

फाटकाशी बसलेले लोकही हसायला लागले. माझ्या कानांना चटके बसल्यासारखं झालं. मी दुपट्टा तसाच धरून उभा राहिलो. ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "किसका गला है?"

"मेरा."

"तो इतना सारा?"

"गाँठ बड़ी थी," मी म्हटलं.

तिनं माझ्या गळ्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाँध लो. पर अब और मत तोड़ना. पहलेवाला पेड़ लोगों ने ऐसे ही ख़तम किया." मी गाठोडं बांधलं. परतताना ऑटोवाल्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणतो, "वो असली पेड़ थोड़ी है, असली तो कब का सूख गया." मग मी खाल्लं ते काय होतं? त्याच्या मुळाचं, की कुणी माळ्यानं लावलेलं? लॉजपर्यंत मी गाठोडं मांडीवर घेऊन बसलो आणि मला स्वतःचाच राग येत राहिला.

संध्याकाळी बायको आली. गाठोडं लपवायला जागा नव्हती. दरवर्षी शाळेत ती लिंबातून रक्त काढून दाखवते आणि पोरांना समजावते की हे औषधाचं काम आहे, भुताचं नाही. आता आपली शाळा भरणार, असं मी धरून चाललो होतो. तिनं दुपट्टा सोडला, पाला हुंगला.

"खाल्ला का?"

"हौ."

"किती?"

"गंज. मूठभर तं ऑटोतच."

"गाऊन पाह्यलं?"

"नाई."

ती पाल्यातल्या काड्या वेचायला लागली. मलाच राहवेना. "तू तं पोरायले सांगते, का पाल्यानं काही होत नाई म्हून."

"मी पोरायले सांगते," ती म्हणाली. "तुमाले कुठी सांगतलं?"

तेव्हा मला कळलं, तिनं जबलपूर सोडून ग्वाल्हेर का लिहिलं होतं. कागदावरची रेघही कळली. मला हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी खिडकीतून ऑटो मोजत बसलो. तिचा पाल्यावर विश्वास आहे की नाही, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर तिनं प्रशिक्षणाच्या फाइलीत पानापानांमध्ये पाला पसरला आणि फाइल गादीखाली दाबली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सोडून मी गाऊन पाहिलं. होतं तसंच होतं.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी थोडा पाला घेऊन बुवांकडे गेलो. दात नव्हते, त्यांनी पान जिभेवर ठेवलं. "आंबट हाय," म्हणाले. मग मी पहिल्यांदा तोंडानं बोललो, "बुवा, वरची ओळ येत नाई मले."

"मालूम हाय. जेवढी येते तेवढी म्हण. मी का उठून तक्रार करीन?"

त्यांनी मला शब्दातून मोकळं केलं की आणखी घट्ट बांधलं, याचा विचार करत मी बस पकडली.

बुवा रोवणीच्या दिवसांत गेले, सकाळी. गावातलं प्रत्येक माणूस धानाच्या बांधीत चिखलात होतं. आम्ही दोघं बालाघाटहून पोचलो तेव्हा मंडळातले मिळून चौघं जमले होते: मी, मृदंगवाला आणि मागं ओळ धरणारे दोन म्हातारे. बायको बायकांत दाराशी जाऊन उभी राहिली. भजन सुरू केलं. वरच्या ओळीशी आलो आणि आवाज तुटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच तुटला. बांधीतून आलेली दुसरी चौघं माणसं तिरडीच्या बांबूला हात लावून वाकलेली होती. त्यांच्या पायांवरचा चिखल वाळत होता. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. बुवांच्या तोंडाकडे पाहायची मला लाज वाटली.

तेवढ्यात दारातून ओळ आली. आमच्याकडे बायका ती ओळ म्हणत नाहीत. आणि माझ्या बायकोला मी कधी गुणगुणतानाही ऐकलेलं नाही. सूर तिला नाहीच. पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तशी ती ओरडून म्हणत होती, पण ओळ वर जात होती. मृदंगवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खालच्या आवाजात तीच ओळ धरली. ती वर, मी खाली. बांबूला हात लावलेले चौघं सरळ झाले आणि बुवा अंगणातून निघाले.

परतीच्या बसमध्ये वारासिवनीला आम्हाला बसायला जागा मिळाली. मग मी विचारलं, "तुले कधीपासून येते ते?"

"छब्बीस वर्सं झाले ऐकून राह्यली." मग म्हणाली, "फाइलीतला पाला मीबी खाल्ला होता. दोन पानं."

"पण तुहा सूर तं होता तसाच हाय."

"तेच तं सांगते पोरायले," ती म्हणाली, "का पाल्यानं काही होत नाई म्हून."