हिरव्या खुणेची पुंगळी

काल पिशवी झटकताना माझ्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांत एक हिरव्या खुणेची निघाली. म्हणजे डस्टीची.

इथे टेक्सासात आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा काऊबॉयचे कपडे चढवून जुन्या धर्तीच्या पिस्तुलांनी नेमबाजी खेळतो. प्रत्येकाला टोपणनाव घ्यावंच लागतं. मी साठीतला ‘सातारा किड’. डस्टी पाच वर्षं माझ्याच गटात होता. पुंगळ्या पुन्हा भरून वापरायच्या असतात, म्हणून जो तो बुडाला आपला रंग लावतो. तरी वेचताना त्याच्या दोन-चार माझ्या पिशवीत यायच्याच. “चोरा, आण इकडे!” तो ओरडायचा.

मागच्या महिन्यात क्लबची मेल आली, कोणी हॅरल्ड वारले. ओळखीचे वाटले नाहीत, सोडून दिली. रविवारी मैदानावर मी विचारलं, “आज डस्टी कुठाय?” “अरे, हॅरल्ड म्हणजे डस्टीच,” एकजण टोपी काढत म्हणाला.

ज्याचं खरं नावही ठाऊक नव्हतं, त्या माणसाच्या खोकल्यावरून मी ओळखायचो, आज त्याचा नेम चुकणार.

आज ती पुंगळी घेऊन त्याच्या घरी गेलो. दार उघडणाऱ्या त्याच्या बायकोला माझं खरं नाव सांगितलं. “कोण?” तिने विचारलं. मग म्हटलं, “सातारा किड.”

तिने माझा हातच धरला. “म्हणजे तो चोर तुम्ही!” म्हणाली, आणि पुंगळी माझ्याच मुठीत बंद केली.