वंदना प्रफुल्ल घेणार होता

माझा धाकटा भाऊ प्रफुल्ल सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याच्या घशाची एकतीस ऑपरेशनं झालीत. एका विषाणूमुळे त्याच्या स्वरयंत्रावर चामखिळींसारखे कोंब येतात. डॉक्टर ते लेझरने काढतात, ते पुन्हा उगवतात. आधी आवाज बसतो, मग श्वास अडतो. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून हेच चाललंय. घोडपदेवच्या आमच्या खोलीत टीव्ही कधी मोठ्याने लागला नाही. सगळ्यांचे कान त्याच्या श्वासाकडे.

शाळेत त्याला 'फाटका भोंगा' म्हणायचे. एका बुद्धजयंतीला तो वंदना घ्यायला पुढे झाला, तर एकाने माईकच काढून घेतला. "राहू दे बाळा, तुला त्रास नको." त्या माणसाशी मी अजून बोलत नाही.

म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा मीच जाहीर केलं, वंदना प्रफुल्लच घेणार. तो एक ओळ म्हणणार आणि हॉलभर माणसं ती त्याच्यामागून म्हणणार. जानेवारीतल्या ऑपरेशननंतर आवाज बरा होता. दोन महिने पठ्ठ्या मोरीत नळ सोडून तालीम करत होता.

मग उकडतंय असं सांगून तो गॅलरीत झोपायला लागला. लग्नाला आठ दिवस असताना पहाटे मला शिट्टी ऐकू आली, श्वास आत घेतानाची बारीक शिट्टी. जाऊन बघते तर पाठीला तीन उशा लावून हा बसल्या बसल्या झोपलेला. मी त्याला हलवून उठवलं.

"ताई, लग्न होऊ दे ना. मग जातो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुझ्या मयतीला येऊ का हळदीच्या अंगाने? चप्पल घाल!"

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थांबला असता तर गळ्याला भोक पाडावं लागलं असतं. आता पंधरा दिवस मौन, कुजबुजसुद्धा नाही." कोंब उशिरा यावेत म्हणून शिरेतून एक औषध सुरू करू, असंही त्या म्हणाल्या. प्रफुल्ल माझ्याकडे बघेना.

लग्नात प्रफुल्लच्या जागी शेजारच्या भिवाकाकांनी वंदना घेतली. चांगली घेतली, तरी मला त्यांचा राग येत होता. पांढऱ्या साडीत हात जोडून मी उभी होते, समोर पहिल्या रांगेत प्रफुल्ल. लोक काकांमागून म्हणायला लागले आणि त्याचे ओठ हलले. नुसते ओठ नाहीत, गळ्याची घाटीही हलत होती. एवढ्या आवाजात कुणाला कळतंय, असं त्याला वाटलं असणार.

लग्नाच्या व्हिडिओत ते स्पष्ट आलंय. सगळा हॉल वंदना म्हणतोय, आणि नवरी ओठांवर बोट ठेवून, डोळे वटारून, एकट्या आपल्या भावाला गप्प करतेय.