घरून धुतलेले पाय

आज पवित्र गुरुवार. सकाळी शेजारची शोभा दारातून म्हणाली, "काकू, पाय किती सुजून राहिले तुमचे! गरम पाण्यानं धुऊन देऊ का?" मी नको म्हणाले आणि कडी लावली. माझे हात आता पायांपर्यंत पोचत नाहीत, हे तिला सांगायची लाज वाटली.

मग लहानपणीचं, सौंसरचं आमचं छोटं चर्च आठवलं. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून या दिवशी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, चर्चला येणाऱ्यांपैकी बारा जणांचे पाय धुवायचे. सगळे घरूनच टाचा दगडानं घासून, पावडर लावून यायचे. एका वर्षी त्या बारा जणांत बाबा होते; ते मात्र संत्र्याच्या बगीच्यात पाणी देऊन तसेच आले. पाळकांनी गुडघे टेकले आणि परातीतलं पाणी काळं होऊन गेलं. बोटांमधला चिखल ते अंगठ्यानं हळूहळू काढत होते. बाबा मान खाली घालून बसले होते. मी शरमेनं खिडकीबाहेर बघत होते.

वाटेत मी चिडून म्हटलं, "घरून धुऊन तरी यायचं होतं, बाबा!"

"धुऊन आलो असतो, तं त्यायनं काय धुतलं असतं, माय?"

तेव्हा मला ते आळशी माणसाचं उत्तर वाटलं. बाबा जाऊन किती वर्षं झाली. पांढुर्ण्याच्या या खोलीत मी एकटीच असते, आणि प्रार्थनेला बसतानाही आधी स्वतःला घासूनपुसून घेते. देवालाही मी माझा चिखल कधी दाखवला नाही.

पाय तसेच आहेत, सुजलेले, धुळीचे. मी कडी काढली आणि हाक मारली, "शोभा, पाणी आण गं."