कापलेल्या कडा

मंगळवार, १७ जून, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात यंत्रभागांची ड्रॉइंग तपासणे हे माझे काम. कल्याणजवळच्या मोहन्याहून येणाऱ्या ड्राफ्ट्समनने नवे ड्रॉइंग माझ्या टेबलावर पसरले. दोन्ही तळवे कागदाच्या कडांवर दाबून धरण्याची त्याची जुनी सवय. "रेष मोजा, साहेब. कागदात काय बघायचंय?" हा त्याचा नेहमीचा विनोद. त्याची रेष कधी चुकत नसे.

त्या दिवशी मी कागद मोजला. तो चारही बाजूंनी आखूड होता. कडा ब्लेडने कापल्या होत्या.

"ज्या सॉफ्टवेअरवर हे काढतो, ते कॉलेजच्या मुलांना फुकट मिळतं," तो म्हणाला. "भाचीच्या नावावर घेतलंय. छापलं की चारी कडांना 'विद्यार्थी' असा शिक्का येतो."

"मग विकत घ्या."

"विकत देतात कुठे आता? दरवर्षी भाडं मागतात. इथं घराचं भाडं थकलंय, साहेब. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यार्थी म्हणून कसा येऊ तुमच्यापुढे?"

सॉफ्टवेअरच्या रीतसर परवान्याशिवाय काढलेले ड्रॉइंग कारखाना घेत नाही, हा नियम मी सांगितला. आमच्याखेरीज त्याला दुसरे काम नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. तो वाद न घालता गेला. ड्रॉइंग टेबलावरच राहिले.

दुपारी मी त्यातील प्रत्येक रेष मोजली. एकही चुकली नव्हती. सहा वाजता कारखान्याला ड्रॉइंग पुरवणाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव खोडले, मोजपट्टी पुसली आणि खणात ठेवली.