पाण्याची साय

“धरा,” असे म्हणून बाई हातातली वस्तू समोरच्याच्या हातात देत, आणि नको म्हणायची सवड मिळण्यापूर्वीच समोरच्याने ती धरलेली असे. शिट्टी, छत्री, दोरीचे टोक, कोणाचे तरी रडणारे मूल; काय वाट्याला येईल याचा नेम नसे. जिल्ह्याच्या कचेरीबाहेर वडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा मी एक जबाबदार मनुष्य. माझ्या हातात लेखणीखेरीज काही शोभत नाही, असे माझे मत होते आणि आजही आहे. तरी एका चैत्रात बाईंनी माझ्या हाती प्रथम रबरी वायसर, मग कानस आणि शेवटी पाण्याने काठोकाठ भरलेला हंडा दिला, आणि मी तिन्ही धरले. वाचकहो, अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या आसपास उभे राहणे म्हणजे कामाला लागणेच.

बाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवीत. ठेंगण्या, काटक, आणि आवाज असा की शिट्टीची गरज काय, असा प्रश्न पडावा. त्यांचे एक म्हणणे होते आणि ते त्या भाजीवालीपासून मुख्याध्यापिकेपर्यंत सर्वांना सारख्याच उत्साहाने ऐकवीत.

“नाशिकचा मुलगा चालायला लागला की रामकुंडात उड्या मारतो. आणि मुलगी? धुण्याचं बोचकं घेऊन पायरीवर! बोचकं सुटलं की त्याच्यामागे जाते, आणि वर येतं ते नुसतं बोचकं. गंगेकाठच्या पोरीला पोहता येऊ नये?”

या विषयावरचे त्यांचे अर्ज मी लिहिले. ‘मुलींकरिता पोहण्याची स्वतंत्र व्यवस्था होणेबाबत’ असा मथळा घालून, ‘सबब’ आणि ‘यास्तव’ हे शब्द योग्य जागी योजून, मी ते असे बांधले होते की वाचणाऱ्याने उभे राहून वाचावेत. अर्ज वर गेले आणि वरच राहिले. बाईंनी मला दोष दिला नाही. “अर्ज सुरेख होता हो,” त्या म्हणाल्या, “पण त्यात पोहता येत नाही.”

आणि मग टाकी आली! ऐंशी साल नुकतेच मागे पडले होते. सातपूरकडच्या एका कारखान्यात एक परदेशी साहेब यंत्रे बसवायला आला होता. आपल्या मुलांसाठी त्याने पोहण्याची टाकी आणली होती. खड्डा न खणता जमिनीवरच उभी करायची. भोवती पत्र्याची गोल भिंत, आत निळ्या प्लॅस्टिकचे एकसंध अस्तर. साहेब मायदेशी निघाला तेव्हा बाईंनी त्याच्या मडमेला गाठले. कोणत्या भाषेत बोलणे झाले ते देव जाणे, पण संध्याकाळी गुंडाळलेला पत्रा, पंप आणि खोकी टांग्यावर लादून, त्या ढिगावर स्वतः बसून, बाई शिट्टी वाजवीत भर रस्त्याने शाळेत आल्या. टांगेवाला घोड्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

शाळेच्या मागच्या अंगणात कडुलिंबाखाली टाकी उभी राहिली. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. पंजाबी ड्रेस घालून बाई रोज सर्वांआधी पाण्यात उतरत, आणि त्यांच्यामागून मुली किंचाळत, खिदळत, नाकातोंडात पाणी घेत हात मारायला शिकत. असा एक आठवडा फार सुखाचा गेला.

शाळेच्या भिंतीपलीकडे एक काकू राहत. आळीतल्या आया कोणतीही गोष्ट काकूंच्या तोंडाकडे पाहून ठरवीत. त्यांची लेक मंदाही पोहायला येई. एके दिवशी काकूंनी भिंतीवरून सहज विचारले, “बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“येवल्याकडची.”

“हो का! पैठणीवाले का? आडनाव काय म्हणालात?”

बाईंनी हसतमुखाने आडनाव सांगितले. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, हेही सांगितले. ते आडनाव मी येथे लिहीत नाही. ऐकल्याबरोबर माणूस मापून मोकळे होण्याची खोड आपल्यात अजून आहे.

“असं होय,” काकू म्हणाल्या.

तोपर्यंत टाकीचे पाणी काकूंना स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांना त्यात घाण दिसू लागली. पाण्यावर लिंबाचा फुलोरा तरंगतो, किडे असतात, मुलींना खरूज होईल. एकेक करून आयांनी मुली घरी ठेवल्या. तक्रार शाळेच्या मंडळापर्यंत गेली आणि अध्यक्षांनी निकाल दिला: रविवारी सर्व आयांनी येऊन पाणी पाहावे, त्यांना पसंत नसेल तर टाकी मोडून पत्रा विकून टाकावा.

मी संतापलो. जातीचा उल्लेख करून कडक अर्ज लिहू का, असे विचारले. बाई म्हणाल्या, “मला कुठे कोण काय बोललं? पाण्याला बोलले. पाणी सुधारता येतं.” आणि त्यांनी एक न उघडलेले खोके माझ्यापुढे ठेवले.

त्यात टपालपेटीसारख्या तोंडाची एक पांढरी पेटी होती. तोंडाला झुलती झडप, आत जाळीची टोपली. टाकीच्या भिंतीत पाण्याच्या पातळीला ती बसवायची. पंप लावला की वरचे पाणी ती आत ओढून घेते, तरंगता कचरा टोपलीत अडतो आणि स्वच्छ पाणी परत टाकीत जाते. साहेबाच्या बंगल्यात झाडच नव्हते, म्हणून ती तशीच राहिली होती. “दुधावरची साय काढतो ना, तशी ही पाण्यावरची काढते,” असे बाईंनी उरलेल्या चार मुलींना समजावले. साय खाणारा म्हटल्यावर मुलींनी पेटीचे नाव बोका ठेवले, आणि नाशिकपुरता तो बोकाच झाला.

शुक्रवारी संध्याकाळी बोका बसवायचे ठरले. सोबत चित्रांचा एक कागद होता, पण त्यावरची लिपी कोणास लागेना. कागद म्हटल्यावर तो साहजिकच माझ्याकडे आला. भद्रकालीतून रफिकभाई आले. बादल्या आणि टाक्या सांधणारा तो माणूस. काम ऐकून दोन पावले मागे सरले.

“बाई, माफ करा. बापजाद्यापासून आम्ही भोकं बुजवतो. चांगल्या टाकीला भोक पाडायला आजवर कोणी बोलावलं नाही. ये तो उलटा काम है.”

“मग बुजवायचंही तुम्हालाच आहे की. आधी पाडा, मग बुजवा.”

“आणि अस्तर फाटलं तर?”

“तर रविवारी कोणाला काही बघायचंच राहणार नाही. चला, करा सुरुवात!”

ते खरेच होते. तसले अस्तर नाशकात नव्हते, मुंबईतही मिळाले नसते. टाकीतले वरचे दीड वीत पाणी सकाळीच काढून झाडांना घातले होते. मी चित्रांवरून क्रम सांगत होतो. आधी पत्र्याला काठाजवळ चौकोनी भोक, पण आतल्या अस्तराला धक्का नाही. रफिकभाईंनी पत्रा कापला, मी कानस पुरवली, त्यांनी धारा घासून मऊ केल्या. मग बाहेरून पेटी, आतून चौकट, मध्ये रबरी वायसर, आणि समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळत सगळे घट्ट. राहिले शेवटचे चित्र. त्यात चौकटीच्या आतले अस्तर पात्याने कापताना एक हात दाखवला होता.

रफिकभाईंनी पाते हातात घ्यायचे नाकारले. बाई टाकीत उतरल्या, पात्याचे टोक निळ्या प्लॅस्टिकवर ठेवले आणि म्हणाल्या, “कोणी शिंकू नका.” चर्र असा आवाज झाला. पाते चौकटीच्या कडेने फिरले, तुकडा सुटला, आणि बाईंनी तो झेंड्यासारखा नाचवला. मुलींनी जो गलका केला त्याने कडुलिंबावरचे कावळे उडाले.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आले. टाकी बोक्याच्या निम्म्या तोंडापर्यंत भरली आणि बाईंनी पंपाचे बटण दाबले. झडप हलली. पलीकडच्या काठाला साचलेला फुलोरा थरथरला, वळला आणि आरतीच्या तबकाकडे गर्दी सरकावी तसा बोक्याच्या तोंडाकडे निघाला. एक लाट आत, मागून दुसरी. पाणी असे उघडे पडत गेले की तळाच्या सुरकुत्या मोजाव्यात!

“अगं बया, खातोय की!” शाळेच्या शिपाईण मावशी ओरडल्या.

“बोका! बोका!” मुली नाचू लागल्या. मीही ओरडलो असेन; नक्की आठवत नाही.

तेवढ्यात मावशींचाच आवाज बदलला. “बाई... रक्त!”

पेटीच्या खालून पत्र्यावर एक लाल ओघळ उतरत होता. रफिकभाईंनी बोट लावले, हुंगले आणि मावशींकडे पाहिले.

मावशींनी पदर तोंडाला लावला. “नवीन यंत्र, कोरं कसं बसवायचं? काल तुम्ही चहाला गेला तेव्हा भोकाभोवती जरा तेल-कुंकवाचा स्वस्तिक काढला मी. रबराच्या आत होता, दिसत नव्हता.”

“तेलावर रबर बसत नाही, मावशी,” रफिकभाई म्हणाले. “हळूहळू सगळं पाणी इथूनच जाणार. खोलावं लागेल, सोड्यानं धुवावं लागेल. आणि त्यासाठी पाणी बोक्याच्या खाली उतरवावं लागेल, दीड वीत.”

दीड वीत पाणी म्हणजे किती, हे टाकी अंगणभर पसरलेली असली की कळते. शिवाय रविवारी त्या भागाला नळ नसे. काढलेले पाणी परत आणायचे कोठून? मावशी रडू लागल्या. बाईंनी त्यांच्या पाठीवर एक थाप मारली. “रडून पाणी वाढवू नका, आहे तेच ठेवायला जागा नाही. मुलींनो, पळा! आळीभर फिरून जे रिकामं भांडं असेल ते आणा. पाणी घरोघर ठेवायचं आणि उद्या परत आणायचं.”

काय धावपळ उडाली! हंडे, कळश्या, बादल्या, लोणच्याच्या बरण्यासुद्धा आल्या. मुलींना भरलेली भांडी उचलेनात, म्हणून त्यांच्यामागून आया आल्या. बाईंनी हाती दिलेला काठोकाठ हंडा पोचवून मी सदरा सारखा करीत उभा होतो तर आमचे कुटुंब मला म्हणाले, “अहो, बटणं मागाहून लावा, आधी पिंप उचला.” मी उचलले.

तरी पाणी उरलेच. आणि भिंतीवरून काकूंचे डोके वर आले. “काय चाललंय एवढं?”

बाईंच्या दोन्ही हातांत भरलेला हंडा होता. त्या वळल्या, हंडा भिंतीवर टेकवला आणि म्हणाल्या, “धरा.”

काकूंनी धरला.

धरल्यावर त्यांच्या ध्यानात आले. ज्या पाण्यात आठवडाभर रोज सर्वांआधी बाई उतरल्या होत्या, ते पाणी काकूंच्या छातीशी होते. तो हंडा काकूंनी तेथेच कलंडला असता, तर साऱ्या आळीने आपापले हंडे कलंडले असते. हे बाईंना ठाऊक होते, मला ठाऊक होते, काकूंनाही होते. त्यांनी पाण्यात पाहिले. बाईंकडे पाहिले. आणि हंडा हलला तसे थोडे पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळले.

“जड आहे गं बाई,” काकू म्हणाल्या. मग हंडा कमरेवर घेत, “परसातलं घंगाळ रिकामं आहे. पण उद्या सकाळीच न्यायचं हं. घरात आंघोळी असतात. आणि सांडू नका, पायरी आत्ताच पुसलीय.”

अंधार पडण्यापूर्वी रफिकभाईंनी पेटी खोलली, सोड्याने पत्रा लखलखीत केला आणि स्क्रू परत आवळले. “आता हे खरं माझं काम,” असे म्हणताना ते प्रथमच हसले.

पुढचे थोडक्यात सांगून टाकतो, कारण मला त्या रविवारापाशीच थांबायचे आहे. टाकी आणखी काही उन्हाळे चालली, मग अस्तर चिरले आणि पत्रा गंजला. बाई निवृत्त होऊन येवल्याकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. ती बातमी मला उशिराने कळली. त्या दिवशी मी कोणाचा अर्ज घेतला नाही.

रविवारी सकाळी आया आल्या त्या कमरेवर हंडे घेऊन. एकेकीने आपले पाणी टाकीत ओतले. पातळी चढत चढत बोक्याच्या तोंडाशी आली. पेटीखालचा पत्रा कोरडा ठाक राहिला. पंप लागला, रात्रीचा फुलोरा आत गेला आणि पाणी आरशासारखे झाले. खुर्चीवरून अध्यक्षांनी विचारले, “पाण्याबद्दल कोणाची तक्रार?” आपल्याच हंड्याला नावे कोण ठेवणार?

पण बाई काठापासून दूर उभ्या होत्या, इस्त्रीची पिवळी साडी नेसून. मी कारण विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, “आज मी उतरत नाही. आज त्यांना पाणी बघू दे, मला नको.” एवढे हळू बोललेले मी त्यांना प्रथमच ऐकले.

सर्वांत पुढे मंदा होती. ती शिडी चढली आणि वरच्या पायरीला घट्ट धरून बसली. मागच्या मुली थांबल्या. आया थांबल्या.

“उतर ना गं,” काकू म्हणाल्या.

“बाई आधी.”

“मी आहे ना इथे.”

“नाही. बाई आधी उतरतात. रोज.”

काकूंनी लेकीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. मग मान वळवून त्या अशा आवाजात ओरडल्या की तो बाईंचाच वाटावा. “अहो बाई, उभ्या काय राहिलात? उतरा की! पोरगी खोळंबलीय माझी!”

बाईंनी पदर खोचला. त्या शिडीकडे चालत गेल्या नाहीत, धावल्या. पिवळ्या साडीसकट त्यांनी पाण्यात जी उडी घेतली, तिने अध्यक्षांची टोपी भिजली. पाणी त्यांच्या डोक्यावरून मिटले. मंदा टाळ्या पिटू लागली. आम्ही सगळे काठावर वाकलो. निळ्या तळाशी पिवळे काहीतरी लांब लांब जात होते, आणि वर यायचे नाव नव्हते.

सर्वांत जास्त वाकल्या होत्या काकू. त्यांच्या पदराचे टोक पाण्यात पडून भिजत होते, आणि त्या हाका मारीत होत्या, “बाई! अहो बाई!”