खंडेनवमीनंतरच्या बाटल्या

मुलीचा फोन आला तेव्हा मी फौंड्रीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर पंपाचं हाऊसिंग मोजत होतो. "पप्पा, जमलं तर लॅबवर या," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. ती रडत नव्हती. पण आवाज इतका सपाट होता, की मला वाटलं कुठंतरी अपघात झाला. साहेबांना सांगून मी गाडी काढली आणि कळंब्याच्या रस्त्याला लागलो.

ती तेव्हा बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. तो ती कळंब्याच्या पुढं एका खासगी टिश्यू कल्चर लॅबमध्ये करत होती. उसाच्या शेंड्यातला नखाएवढा तुकडा घ्यायचा, काचेच्या बाटलीत साखर, क्षार आणि नारळपाणी घातलेल्या जेलीवर ठेवायचा, फुटवे आले की ते सोडवून नव्या बाटल्यांत लावायचे. असं करत करत एका शेंड्यापासून शेतभर रोपं. लॅबच्या मॅडमनी तिला शब्द दिला होता, की प्रकल्पाची बॅच स्वच्छ निघाली तर पदवी हातात येताच इथंच नोकरी. कोल्हापुरात राहून या विषयातली नोकरी मिळणं किती अवघड आहे, हे आम्हाला एव्हाना कळलं होतं. तिच्या आधीच्या तुकडीतली बरीच मुलं पुण्या-हैदराबादला गेली होती, काही बँकेच्या परीक्षांना बसली होती.

माझा मेहुणा आला की दर वेळी विचारायचा, "दाजी, एमएस्सी करून बाटल्याच धुवायच्या व्हय पोरीनं?"

"तुझ्या न्हाईत धुवायच्या," बायको आतून म्हणायची. मेहुणा मग विषय बदलायचा.

लॅबमध्ये पोचलो तर बाहेरच्या खोलीत कुणी काम करत नव्हतं. एरवी तिथं चार-पाच बायका बोलत बोलत जेली भरत असतात. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मधल्या लांब टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या, आणि त्यांतला हिरवा रंग दिसतच नव्हता. करडा कापूस. काही बाटल्यांत तो झाकणापर्यंत चढला होता, काहींत वर काळी पूड धरली होती. बारीक पाती त्याखाली पिवळी पडून आडवी झाली होती. बुरशी मी आयुष्यात पुष्कळ पाहिली आहे, भाकरीवर, चामड्यावर, भिंतीवर. पण इतकी नीट लावलेली, ओळीनं मांडलेली, एकेका झाकणावर माझ्या मुलीच्या अक्षरात तारीख घातलेली बुरशी पाहून माझे पाय जागीच थांबले.

"किती गेल्या?" मी विचारलं.

"दोनशे चाळीसपैकी दोनशे अकरा," मुलगी म्हणाली. "उरलेल्यांचाही भरवसा नाही."

मी सवयीनं मनात टक्केवारी काढायला लागलो आणि मध्येच सोडून दिली.

मॅडम शांत होत्या. त्यांनी आमच्यासारखंच केलं होतं. कास्टिंगला एका जागी भोक पडायला लागलं, की आम्ही आधी साचा कुठला, पाळी कुठली, हे वेगळं काढतो. त्यांनी बाटल्या टेबलाप्रमाणे वेगळ्या केल्या होत्या. आतल्या खोलीत काम करायची दोन टेबलं आहेत. मागच्या बाजूनं गाळलेली हवा सारखी अंगावर येत राहते, त्यामुळं उघड्या बाटलीत धूळ पडत नाही. मुलीनं पहिल्याच आठवड्यात मला अभिमानानं सांगितलं होतं, की हवा गाळणारा तो फिल्टर तीन दशांश मायक्रॉनचा कण अडवतो. फौंड्रीत आम्ही दहा मायक्रॉनसाठी भांडतो. मी त्या फिल्टरला तेव्हाच मनातून नमस्कार केला होता.

"उजवीकडच्या टेबलावरचं, बाकीच्यांनी लावलेलं, सगळं स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "जेली एकाच भांड्यातली, बाटल्या एकाच वेळी उकळलेल्या. म्हणजे दोष डाव्या टेबलाचा. आणि दसऱ्यानंतरचा. दसऱ्याआधी तिथं लावलेलं सगळं चांगलं होतं. खंडेनवमीला त्या टेबलाला कुणी हात लावला होता का?"

भिंतीजवळची एक मावशी पटकन म्हणाली, "आमी भाईरच्या दाराला हार घातलाय, मॅडम. आत न्हाय लावत कधी. दर साली दारालाच."

मुलगी हातमोजा उलटासुलटा करत होती. मग तिनं तो टेबलावर ठेवला.

"मी पूजा केली होती," ती म्हणाली. "आत. सगळे गेल्यावर. नारळ दाराशीच फोडला. टेबलावर झेंडू ठेवला, निरांजन लावलं."

"हवेचा ब्लोअर चालू होता?"

"बंद केला. निरांजन विझत होतं."

मॅडमनी खिशातला मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि आत गेल्या. मला दारातल्या काचेतून दिसत होतं. त्या खाली वाकल्या, बर्नर बाजूला केला आणि तशाच राहिल्या.

"इकडं ये," त्यांनी मुलीला बोलावलं. मग काचेतून मलाही खूण केली.

टेबलाच्या मागच्या भिंतीला पांढरा, बारीक चुण्या घातलेला कागद असतो. तोच फिल्टर. खालच्या डाव्या कोपऱ्यात, बर्नरमुळं झाकलेल्या जागी, कुंकवाची पाच बोटं उठली होती. ओलं कुंकू वाळून काळपट झालं होतं. दोन बोटांच्या जागी कागद फाटला होता, नखाएवढा. तिथून गाळलेली हवा येतच नव्हती. नुसती हवा येत होती, आणि ती सरळ उघड्या बाटल्यांवर.

"फिल्टरला?" मॅडमचा आवाज पहिल्यांदा चढला. "अगं, त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं, हे तू इथं शिकवतेस नव्या मुलींना!"

"ठाऊक आहे," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी मला ते मशीन वाटलं. रोज माझ्यासाठी काम करतं, म्हणून."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी त्या पाच बोटांकडं बघत राहिलो. आमच्या घरी खंडेनवमीला गाडीला, मिक्सरला, विळीला, तिच्या लॅपटॉपला, सगळ्याला कुंकू लागतं. लहान असताना माझ्या मोजमापाच्या व्हर्नियरला बोट लावायचा मान तिचा असायचा. पाटावर उभी राहून ती जबड्याच्या अगदी टोकाला लावायची, कारण मोजतं ते टोक. इथंही तिनं बरोबर तीच जागा शोधली होती. ज्यावर सगळं चालतं, ती.

बाटल्या तशा फेकता येत नाहीत, बुरशी पसरते. मोठ्या कुकरसारखं एक यंत्र असतं, त्यात वाफेवर उकळून मारायच्या. मावशींनी सुरुवात केली तेव्हा मुलगी पुढं झाली आणि स्वतः यंत्राच्या जाळीत बाटल्या रचायला लागली. स्वच्छ दिसणाऱ्या एकोणतीसही तिनं घातल्या. झाकण उघडलं तेव्हा खोलीभर मक्याची कणसं उकडल्यासारखा वास आला. तिचे चार महिने त्या वासात होते.

मग मॅडमनी तिला समोर बसवलं. मीही होतो.

"दोन रस्ते आहेत. झालं ते तसंच लिही, मे महिन्यात प्रबंध दे. पदवी मिळेल, मी सही करीन. पण नोकरीचा शब्द मी स्वच्छ बॅचवर दिला होता, तो मग राहत नाही. नाहीतर पुन्हा शेंड्यापासून सुरू कर. ते मेपर्यंत होणार नाही. तुझी तुकडी पुढं जाईल, तू एक वर्ष मागं राहशील. तेव्हाही बॅच स्वच्छ निघाली तरच."

मी म्हणणार होतो, की घरी जाऊन ठरवू. वर्ष म्हणजे लहान गोष्ट नाही, तिच्यासाठी आलेलं एक स्थळ पदवीसाठी थांबलं होतं. मी तोंड उघडलं.

"थांबते," मुलगी म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला धक्का बसला, तो बाटल्यांपेक्षा मोठा. शाळेच्या सहलीलासुद्धा विचारून जाणारी मुलगी ही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "कुंकू लावलं म्हणून?" ती तीन-तीनदा विचारत होती. "कुंकवानं बुरशी आली म्हणतात व्हय त्या?" मी कागद फाटल्याचं समजावलं. तिचं समाधान झालं नाही. शेवटी म्हणाली, "आणि वरीस घालवायचं ठरलं, ते तुमी ऐकून घेतलासा?"

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणालो. खरंच होतं ते.

स्थळ गेलं. तुकडी पुढं गेली, मैत्रिणींच्या दीक्षान्त समारंभाचे फोटो तिनं मोबाइलवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर लॅबला गेली. नवा फिल्टर बसला. बर्नरची जागा बदलली, मागचं काही झाकलं जाऊ नये म्हणून. दर आठवड्याला मी आकडा विचारायचो, ती एकच आकडा सांगायची, खराब किती. तो एक, शून्य, दोन, शून्य असा येत राहिला. पुढच्या वर्षी प्रबंध दिला. मॅडमनी शब्द पाळला.

तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी सकाळी अंबाबाईला जाऊन आलो आणि पेढे घेऊन थेट लॅबवर गेलो. बाहेरच्या खोलीत बायकांना पेढे वाटले. मग म्हणालो, जरा आत जाऊन रोपं बघतो. आतल्या दाराशी ती टोपी आणि मास्क घालून उभी होती. तिनं हात आडवा धरला.

"पप्पा, कपाळाचं पुसा."

"अगं, देवीचं आहे."

"व्हय. पुसा."

मी तिच्याकडं बघितलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते आणि ते हलत नव्हते. तिनं स्पिरिटचा बोळा पुढं केला.

मी कपाळ पुसलं. बोळा लाल झाला. तिनं तो चिमट्यात धरून डब्यात टाकला, मला दुसरा दिला, आणि बोळा पांढरा निघेपर्यंत दार उघडलं नाही.